अकरा कोटींचा पोट्टा आणि आठ हजारांची ट्रायल

राजेहो, २४ नोव्हेंबर २०२४ चा रविवार आठवतो का? आदल्याच दिवशी विधानसभेचे निकाल लागलेले, विंटर परीक्षा डोक्यावर बसलेली, आणि आमच्या होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. मॅच नव्हती. सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात आयपीएलचा मोठा लिलाव चालू होता. एरवी पीएलमध्ये टीव्ही लावला म्हणून ओरडणारे रेक्टर सरसुद्धा मागच्या खुर्चीत येऊन बसले होते, कारण थोड्याच वेळात जितेश शर्माचं नाव येणार होतं. अमरावतीचा जितेश शर्मा!

नाव आलं. पायाभूत किंमत एक कोटी. हात वर होत गेले आणि आकडा बंगळुरूच्या नावावर सात कोटींवर थांबला. रूममध्ये आरडाओरडा. मग लिलाव पुकारणाऱ्या बाईंनी पंजाबला काहीतरी विचारलं, पंजाबने हो म्हटलं, आणि सगळे गप्प. आता हे काय नवीन? पुन्हा बंगळुरूला विचारलं गेलं. त्यांनी सातवरून एकदम अकरा कोटी सांगितले. पंजाबने मान हलवली. झाला सौदा.

मेसचे काका हातात डाव घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "अकरा कोटी म्हंजे किती लाख होतात रे?" इंजिनीअरिंगच्या साठ पोरांपैकी उत्तर द्यायला दोन सेकंद कोणालाच सुचलं नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत एक जण राहतो, त्याला आम्ही 'कीपर' म्हणतो. कॉलेजच्या टीमचा विकेटकीपर. कॉटखाली पुस्तकं कमी आणि किटबॅग मोठी. त्या रात्री तो झोपला नाही. दीड वाजता माझ्या कॉटवर येऊन बसला आणि म्हणाला, "मले एक सांग बे. ह्या जितेशले पयल्यांदा कोनं पाह्यलं? आन् मले कोन पाह्यन?"

मला तेव्हा काहीच सांगता आलं नाही. नंतर वाचत गेलो, सीनियर लोकांना विचारत गेलो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो आहे. आठ हजारांची गोष्ट शेवटी येईल.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे 'आयपीएलमध्ये जायचं' असं कोणी म्हणत असलं, तरी तिथे अर्ज करून जाता येत नाही. लिलावाच्या यादीत नाव जातं ते राज्याच्या क्रिकेट संघटनेमार्फत. आपल्यासाठी ती विदर्भ क्रिकेट असोसिएशन, म्हणजे नागपूरची व्हीसीए. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम इथला पोरगा आधी जिल्ह्याकडून खेळतो, मग विदर्भाच्या वयोगटांच्या संघांत, आणि मग जमलं तर रणजी आणि सय्यद मुश्ताक अली या टी-ट्वेंटी स्पर्धेत. एकोणीस वर्षांखालच्या पोरासाठी तर नियमच आहे की निदान एक प्रथम श्रेणी किंवा लिस्ट ए सामना खेळलेला पाहिजे. म्हणजे गल्लीतला कितीही मोठा 'सिक्सर किंग' असला तरी थेट लिलावात जाऊ शकत नाही. मुंबईच्या पोराला हे सगळं लोकल ट्रेनच्या अंतरावर आहे. आपल्या पोराला नागपूरसाठी पहाटेची गाडी पकडावी लागते आणि रात्री परत येताना बडनेऱ्याला उतरावं लागतं. एवढाच काय तो फरक, पण दहा वर्षं रोजचा असला की तो फार मोठा होतो.

जितेशचा जन्म २२ ऑक्टोबर १९९३ चा, अमरावतीतला. त्याने मुलाखतींतून सांगितलेली एक गोष्ट आपल्या वाचकांना फारच जवळची वाटेल. त्याला जायचं होतं सैन्यदलात. क्रिकेट खेळला तो दहावीला खेळाचे वाढीव मार्क मिळतात म्हणून! आपल्यापैकी कितीतरी जणांनी मार्कांसाठी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिल्या, त्यातलाच प्रकार. (चित्रकलेत आपलं पुढे काही झालं नाही, हा भाग वेगळा.)

२०१४ मध्ये तो विदर्भाकडून एकदिवसीय सामने खेळला, २०१५ मध्ये रणजी. फेब्रुवारी २०१६ च्या लिलावात मुंबई इंडियन्सने त्याला दहा लाखांना घेतलं. वय बावीस. झालं, पोरगा लागला, असं अमरावतीत सगळ्यांना वाटलं असणार. पण २०१६ आणि २०१७ असे दोन हंगाम तो मुंबईच्या ताफ्यात राहिला आणि एकही सामना खेळला नाही. त्यानंतर चार वर्षं आयपीएलच्या मैदानावर त्याचं नावच नाही. २०२२ मध्ये पंजाबने वीस लाखांना घेतला. ३ एप्रिल २०२२ ला चेन्नईविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला तेव्हा वय अठ्ठावीस होतं. पहिली निवड आणि पहिला सामना यांत सहा वर्षं गेली. इंजिनीअरिंगची डिग्री दीड वेळा होते इतका काळ.

आता ही सहा वर्षं वाया गेली का? मला तसं वाटत नाही. या काळात त्याने जे बदललं ते समजून घेण्यासारखं आहे. विदर्भाकडून तो आधी वरच्या फळीत खेळायचा. पण भारतात ओपनिंग करणारे कीपर ढिगाने आहेत. संघांना कमी सापडतो तो पाचव्या-सहाव्या नंबरवर येऊन पहिल्या चेंडूपासून मारणारा कीपर. जितेश खाली सरकला आणि त्या जागेचा माणूस झाला. बाजारात ज्या मालाचा तुटवडा आहे तो माल पिकवला, असं आमच्या गावचा शेतकरी म्हणेल. (कापसाच्या बाबतीत हे गणित कधी जमत नाही, पण असो.)

लिलावातही हेच असतं. ज्याला सगळ्यात जास्त येतं त्याला सगळ्यात जास्त पैसे मिळतील असं नाही. ज्याच्यासारखा दुसरा त्या यादीत नाही, त्याला मिळतात.

आता त्या पैशाचं गणित पाहू. कॉम्प्युटरवाल्यांना नॅपसॅक प्रॉब्लेम आठवेल: पिशवी ठरावीक वजनाची आणि त्यात जास्तीत जास्त किमतीचा माल भरायचा. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाची पिशवी होती १२० कोटींची. ताफ्यात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यांत परदेशी आठपर्यंत. पंचवीस जणांत १२० कोटी सारखे वाटले तर प्रत्येकी चार कोटी ऐंशी लाख. पण सारखे कोण वाटतं? समजा वरच्या पाच जणांवर ७५ कोटी गेले. उरले ४५ कोटी आणि वीस जागा. त्यातल्या पाच-सहा जागांवर चार-पाच कोटींचे लोक आले की शेवटच्या डझनभर पोरांसाठी चिल्लर उरते. म्हणून एका बाजूला ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी दिले आणि दुसऱ्या बाजूला त्याच लिलावात कित्येक पोरं ३० लाखांच्या सगळ्यात खालच्या पायरीवर विकली गेली. त्या लिलावासाठी १,५७४ जणांनी नाव नोंदवलं होतं. विकले गेले १८२. बाकीच्यांची नावं पेपरात येत नाहीत.

त्या दिवशी पंजाबला जे विचारलं गेलं त्याला 'राइट टू मॅच' म्हणतात. आधीच्या हंगामात खेळाडू ज्या संघात होता, त्या संघाकडे हे कार्ड असेल तर शेवटच्या बोलीएवढे पैसे देऊन तो त्याला परत घेऊ शकतो. पंजाबने आपले फक्त दोन खेळाडू राखले होते, त्यामुळे त्यांच्याकडे चार कार्डं शिल्लक होती. पण २०२५ साठी नियमात एक मेख मारली होती: जुन्या संघाने कार्ड काढलं की नवीन संघाला एकदा, फक्त एकदा, आकडा वाढवायची संधी. मग जुन्या संघाने तो वाढीव आकडा द्यायचा किंवा सोडून द्यायचं.

बंगळुरूच्या टेबलावर बसून विचार करा. सातवर थांबलो तर पंजाब घेऊन जाईल. साडेसात म्हटलं तर तेवढे पंजाब सहज देईल. म्हणजे असा आकडा पाहिजे की पंजाबच्या पोटात गोळा आला पाहिजे, पण आपलंही दिवाळं निघायला नको. एकच डाव, पुन्हा संधी नाही. त्यांनी चार कोटी एकदम वाढवले. दहा लाखांचा पोरगा अकरा कोटींचा झाला, म्हणजे एकशे दहा पट, आणि त्यातली शेवटची उडी ही त्या नियमाची कृपा होती. त्याचा खेळ त्या दोन मिनिटांत काही बदलला नव्हता.

पैसे वाया गेले नाहीत हे पुढे सगळ्यांनी पाहिलं. २७ मे २०२५ ला लखनौत २२८ धावांचा पाठलाग होता. त्या दिवशी बंगळुरूचा बदली कप्तान जितेश. ३३ चेंडूंत नाबाद ८५. आणि ३ जूनला अहमदाबादेत बंगळुरूने अठराव्या वर्षी पहिल्यांदा कप जिंकला, तोही पंजाबलाच सहा धावांनी हरवून.

सुरुवातीला हे असं नव्हतं बरं का. आपण लिलाव लिलाव करतो, पण २००८ च्या पहिल्या हंगामात एकोणीस वर्षांखालच्या पोरांसाठी लिलाव नव्हता, 'ड्राफ्ट' होता. म्हणजे संघांनी पाळीपाळीने नाव उचलायचं, पैसे आधीच ठरलेले. दिल्लीची पाळी पहिली होती. त्यांनी प्रदीप सांगवान हा बोलर घेतला आणि विराट कोहली बंगळुरूला गेला. गावच्या पोरांनी टॉस उडवून टीम पाडावी तसा प्रकार, फक्त परिणाम अठरा वर्षं टिकला!

त्यानंतर २०१३ पर्यंत भारताकडून न खेळलेल्या देशी पोरांना लिलावात जागाच नव्हती. संघांनी त्यांच्याशी थेट करार करायचे, आणि मोबदल्याचे टप्पे बोर्डाने ठरवलेले. पोराला भाव करायचा अधिकार नाही. २०१० मध्ये रवींद्र जडेजाने आपल्या संघाबाहेर बोलणी केली म्हणून त्याला अख्ख्या हंगामाची बंदी झाली होती. २०१४ मध्ये नियम बदलला, ही पोरं पहिल्यांदा लिलावात आली, आणि त्याच वर्षी हैदराबादने कर्ण शर्माला पावणेचार कोटी दिले. आदल्या वर्षीपर्यंत ज्याला लाखांत मोजत होते त्याची खरी किंमत काय होती, हे एका दिवसात उघडं पडलं.

आता थोडं लांब जाऊ. एकदम कॅनडा-अमेरिकेत, आइस हॉकीकडे. अकोल्याला मे महिन्यात जिथे डांबर वितळतं तिथे आइस हॉकीचं काय काम, असं म्हणाल. पण पोरं हेरून लांबच्या संघात न्यायचा हा धंदा त्यांच्याइतका जुना आणि पक्का कोणाचाच नसेल. एनएचएल नावाची त्यांची लीग १९६३ पासून ड्राफ्ट करते. आज बत्तीस संघ, सात फेऱ्या, म्हणजे दर वर्षी २२४ पोरं. बहुतेक अठरा वर्षांची, आणि त्यांत स्वीडन, फिनलंड, चेकिया, रशिया इथली पुष्कळ. साधारणपणे आदल्या वर्षी खालच्या नंबरवर राहिलेल्या संघांना आधी निवडायला मिळतं. पोराने संघ निवडायचा नसतो, संघाने पोरगा निवडायचा. आणि निवडला म्हणजे करार झाला असंही नाही. संघाला फक्त काही वर्षांचा हक्क मिळतो. तोवर पोरगा आपल्या गावच्या क्लबकडून खेळत राहतो आणि तयार झाला की करार करून तिकडे जातो. हा पहिला करारही बांधलेला, कमाल पगार ठरलेला.

यात खरा हिरो असतो पोरं हेरणारा माणूस. डेट्रॉइट संघाचा युरोपातला हेर हाकान अँडरसन हा स्वीडिश माणूस. १९९८ मध्ये त्याच्या सांगण्यावरून संघाने पावेल दात्सुक नावाचा रशियन पोरगा घेतला, १७१ व्या नंबरवर. पुढच्या वर्षी हेन्रिक झेटरबर्ग, २१० व्या नंबरवर. म्हणजे जवळपास सगळ्यांनी नाकारल्यावर. हे दोघं पुढे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणले गेले आणि २००८ मध्ये त्यांच्या जिवावर संघाने कप जिंकला. आपल्याकडेही असंच घडलं आहे. २०१३ मध्ये मुश्ताक अली स्पर्धेत जॉन राइट मुंबई इंडियन्ससाठी पोरं बघत बसले होते आणि त्यांना गुजरातकडून वेड्यावाकड्या ॲक्शनने बोलिंग टाकणारा एक पोरगा दिसला. त्याचं नाव जसप्रीत बुमराह.

पण हॉकीवाल्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. युरोपातल्या बहुतेक देशांच्या हॉकी संघटनांचा एनएचएलशी करार असतो, आणि तिथला पोरगा अमेरिकेला गेला की त्याला घडवणाऱ्यांसाठी ठरलेली रक्कम द्यावी लागते. रशियाशी असा करार नाही, म्हणून तिथल्या पोरांच्या बाबतीत कायम भांडणं. फुटबॉलमध्ये तर जगभरचा नियम आहे: करार चालू असताना खेळाडू विकला गेला की रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबकडून खेळला, त्या सगळ्यांना वाटून मिळतात.

आणि आपल्याकडे? परदेशी खेळाडू आयपीएलमध्ये आला की त्याच्या देशाच्या बोर्डाला त्याच्या मोबदल्याच्या वीस टक्क्यांएवढी रक्कम वेगळी मिळते. पण अमरावतीच्या ज्या मैदानावर पोराने पहिली दहा वर्षं गुडघे फोडून घेतले, त्या क्लबसाठी अशा सौद्यात ठरवून दिलेला वाटा नाही. पहाटे पाच वाजता येऊन पाणी मारणारा माळी, स्वतःच्या खिशातून चेंडू आणणारे कोच, त्यांच्या वाट्याला पेढे आणि पेपरातला फोटो. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून पोरं घडवतंय, १९३६ मध्ये त्यांचं पथक थेट बर्लिन ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिकं करून आलं. म्हणजे घडवायची परंपरा आपल्याकडे आहेच. घडवण्याची पावती फाडायची पद्धत नाही. पाच टक्के सोडा, एक टक्का जरी मिळाला असता तर अकरा कोटींतून अकरा लाख आले असते, आणि अकरा लाखांत जिल्ह्याच्या मैदानावर टर्फच्या विकेट आणि नेट होतात की नाही हे आमच्या सिव्हिलच्या सरांनीच सांगावं.

अकोल्याकडे वळू, नाहीतर तिकडचे मित्र रागावतील. अकोल्याचा अथर्व तायडे, जन्म २६ एप्रिल २०००. डावखुरा ओपनर. त्यालाही २०२२ मध्ये पंजाबनेच वीस लाखांना घेतलं. म्हणजे अमरावती आणि अकोला, दोन्ही एकाच ड्रेसिंग रूममध्ये! (त्याच वर्षी जूनमध्ये या दोन शहरांमधल्या हायवेचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. पण पंजाबचा रस्ता या दोघांनी त्याआधीच गाठला होता.) पहिला हंगाम अथर्वही बाकावरच होता. २०२३ मध्ये लखनौविरुद्ध त्याने ६६ मारले. मग १७ मे २०२३ ला धरमशालेत दिल्लीविरुद्ध ५५ वर खेळत असताना त्याला 'रिटायर्ड आउट' करून बाहेर बोलावलं, कारण धावगती वाढवायची होती. त्याच्या जागी आला कोण? आपला जितेश. तोही फार टिकला नाही आणि पंजाब सामना हरलं. अर्धशतक मारून स्वतःच्या पायाने परत यायचं आणि जागा शेजारच्या जिल्ह्याच्या पोराला द्यायची! २०२५ साठी अथर्वला हैदराबादने ३० लाखांना घेतलं. एकाच संघातून निघालेले दोघं, एक अकरा कोटी आणि एक तीस लाख. खेळात एवढा फरक आहे का? माझ्या मते नाही. ओपनर पुष्कळ आहेत, खाली मारणारे कीपर नाहीत. पुन्हा तेच तुटवड्याचं गणित.

भाव उतरतो कसा तेही पाहा. यवतमाळला जन्मलेला, नागपूरला वाढलेला शुभम दुबे. वडिलांचा पानठेला. मुश्ताक अली स्पर्धेत त्याने विदर्भासाठी धुलाई केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये वीस लाखांच्या पायावरून राजस्थानने त्याला पाच कोटी ऐंशी लाख दिले. विदर्भभर बातमी. पुढच्याच वर्षी मोठा लिलाव, सगळे संघ जवळपास रिकामे, आणि त्याच राजस्थानने त्याला परत घेतलं ८० लाखांना. पाच कोटी गेले कुठे? कुठे नाही. करार कायमची नोकरी नसतो. हंगाम संपला की ठेवायचं की सोडायचं हे संघ ठरवतो, आणि दर तीन-चार वर्षांनी मोठ्या लिलावात सगळी पाटी पुसली जाते.

एक समज मात्र काढून टाका. सामना खेळला नाही तर पैसे मिळत नाहीत असं नाही. पूर्ण हंगाम उपलब्ध राहिला तर बाकावर बसूनही ठरलेला मोबदला मिळतो. २०२५ पासून प्रत्यक्ष सामन्याचे वेगळे साडेसात लाख सुरू झाले. तीस लाखांचा पोरगा चार सामने खेळला की त्याचा मोबदला दुप्पट. म्हणजे तीस लाखांत विकल्या गेलेल्या पोरासाठी बाकावरून मैदानापर्यंतची ती तीस पावलं पगाराएवढी महाग आहेत.

आणि आयपीएल नाहीच मिळालं तर? रणजीत नवीन पोराला दिवसाला ४० हजार मिळतात. सात साखळी सामने, प्रत्येकी चार दिवस, सगळे खेळला तर अकरा लाख वीस हजार. आपल्या कॅम्पस प्लेसमेंटच्या बोर्डावरच्या बऱ्याच आकड्यांपेक्षा जास्त. फक्त विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतून खेळतात अकरा जण. जिल्ह्याला एक पडतो.

आता आठ हजारांची गोष्ट.

त्या लिलावानंतर महिन्याभरात कीपरच्या मोबाईलवर एक जाहिरात आली. ट्रायल, मोठ्या शहरात, 'निवड झालेल्यांना फ्रँचायझीसमोर संधी'. फॉर्म दोन हजार, पुढच्या फेरीचे सहा हजार. त्याने मेसचं बिल थकवलं, घरी सांगितलं की प्रोजेक्टचा खर्च आहे, आणि गेला. मैदानावर चारशे पोरं. प्रत्येकाला सहा चेंडू. त्याच्या वाट्याच्या सहापैकी दोन वाइड पडले. संध्याकाळी एक टी-शर्ट आणि एक प्रमाणपत्र मिळालं, ज्यावर त्याच्या आडनावात चूक होती. नंतर फोन लागेना.

परत आला तेव्हा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "अबे, पण त्यातल्या कोणी तुला व्हीसीएबद्दल विचारलं का? कुठल्या जिल्ह्याकडून खेळतोस म्हणून?" तो म्हणाला, "नाई. बॅट कोन्त्या कंपनीची हाय, ते इचारलं."

माझ्या लक्षात तेव्हा आलं की हा लेख लिहायला पाहिजे. संघ ट्रायल घेतात, पण बहुतेक बोलावून, आणि बोलावतात ते राज्याच्या स्पर्धांत दिसलेल्यांना. दोन हजारांचा फॉर्म भरून लिलावाच्या यादीत जायची वाटच मुळात नाही. वाट जिल्ह्याच्या संघातून जाते, आणि आता तिच्यावर आणखी एक खिडकी उघडली आहे: जून २०२५ मध्ये जामठ्याला विदर्भ प्रो टी-ट्वेंटी लीग सुरू झाली. दिल्लीच्या अशाच लीगमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये प्रियांश आर्यने एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले आणि नोव्हेंबरात पंजाबने त्याला तीन कोटी ऐंशी लाखांना उचललं. बघणारे लोक अशा ठिकाणी येऊन बसतात. आठ हजार घेऊन सहा चेंडू टाकणाऱ्या मैदानावर येत नाहीत.

रेक्टर सरांना हे सगळं कळलं तेव्हा आम्हाला वाटलं आता कीपरचं काही खरं नाही. पण सरांनी त्याला ऑफिसात बोलावलं, आधी अटेंडन्सवरून दहा मिनिटं झापलं, आणि मग म्हणाले, "जिल्ह्याच्या सिलेक्शनची तारीख कळली की मला आधी सांगायचं. त्या दिवशीचं प्रॅक्टिकल मी विभागप्रमुखांशी बोलून पुढे ढकलतो. आणि घरी खरं सांग."

घरी त्याने खरं सांगितलं. वडील शेतकरी माणूस. फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आठ हजार गेले तं गेले. सहा चेंडूंत काई करता आलं का तुले?"

"चार आले बावा. तीन बरे मारले."

"मंग जाय जिल्ह्याले. तिथं तं पैसे नाई लागत ना?"

सिलेक्शन येत्या रविवारी आहे. किटबॅग दाराशी भरून ठेवली आहे आणि त्याचं मायक्रोप्रोसेसरचं जर्नल माझ्याकडे आहे, सोळापैकी नऊ प्रॅक्टिकल उतरवायची बाकी. ज्यांचं अक्षर त्याच्यासारखं आहे त्यांनी खोली नंबर १४ मध्ये यावं.